उजव्या बाजूचा पट्टा

मिलिमीटरना चिडायला कारण लागत नाही, असं त्यांची बायको गल्लीभर सांगत असे. या वेळी मात्र कारण होतं. ते अर्धा मिलिमीटर रुंद होतं आणि स्पर्धेच्या निकालाच्या कागदावर परीक्षक डेंटिस्टच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं : 'उजव्या बाजूचा निळा पट्टा दाराशी जुळत नाही. टेप सैल लावली आहे. दोन गुण वजा.'

"सैल?" मिलिमीटर म्हणाले.

बायको भाजी निवडत होती.

"मी? सैल?"

"अहो, तुम्हाला कुठे म्हटलंय? टेपला म्हटलंय."

"टेप काय आपल्या पायांनी चालत जाऊन चिकटते?"

यावर बायकोने एक कुजकी शेंग बाजूला काढली आणि ती नवऱ्याकडे बघत बघत काढली.

मिलिमीटर एकतीस वर्षं विमानतळाच्या हँगरात मेकॅनिक होते. तिथे कुणी "बोल्ट केसभर सरकव" म्हणालं की यांचं पित्त खवळायचं. केस म्हणजे काय माप आहे का, असं विचारून समोरच्याला अर्धा तास सोडायचे नाहीत. तेव्हा नाव पडलं, ते निवृत्तीच्या समारंभातही चिकटून राहिलं. निरोपाचं भाषण करणाऱ्या साहेबांना ऐन वेळी खरं नाव आठवेना. दारावरच्या पाटीवर खरं नाव आहे म्हणा. पोस्टमन सोडला तर ती पाटी कुणी वाचत नाही.

खरी विमानं हातातून गेल्यावर मिलिमीटर प्लास्टिकच्या विमानांकडे वळले. खोक्यात किट येतं, त्यातल्या चौकटींना सगळे भाग लटकलेले असतात, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, सांध्यात पुट्टी भरायची, परत घासायचं, रंगवायचं. खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाइतकं विमान तयार होतं. त्यासाठी जेवायच्या टेबलाचा अर्धा भाग त्यांनी बळकावला होता. "विमान बहात्तर पट लहान आणि पसारा बहात्तर पट मोठा," असं बायको म्हणे. टेबलावर मधोमध पिवळ्या टेपची सीमारेषा होती आणि आमटीच्या वाटीने ती ओलांडली की घरात युद्ध पेटायचं.

किट बनवणारे लोक अडाणी असतात, हे मिलिमीटरचं ठाम मत. एका किटात चाकाच्या झडपेला तीन बिजागऱ्या दिलेल्या होत्या. असतात दोन. मिलिमीटरनी तिसरी तासून काढली आणि कंपनीला चार पानी पत्र धाडलं. कंपनीने उत्तरादाखल नव्या किटांचं रंगीत माहितीपत्रक पाठवलं. त्यातही मुखपृष्ठावरच्या विमानाला तीन बिजागऱ्या होत्या. ते दोन दिवस नीट जेवले नाहीत.

तर अशा माणसाला कुणीतरी सैल म्हटलं होतं.

स्पर्धा फ्लाइंग क्लबची. विमानतळ गावाबाहेर गेल्यापासून जुन्या इमारतीत क्लब आहे. तिथल्या हॉलमध्ये एक काचेचं कपाट नव्याने भिंतीत बसवलं होतं आणि ठरलं होतं असं, की या धावपट्टीवरून उडालेल्या एखाद्या विमानाचं मॉडेल करून आणायचं. पहिलं येईल ते कायमचं त्या कपाटात.

मिलिमीटरनी म्हातारी केली. म्हातारी म्हणजे दोन पंख्यांचं, चाळीस माणसांचं विमान. हँगरात सगळे तिला याच नावाने हाक मारत. शेवटी तिचे तुकडे करून भंगारात घातले, तेव्हा मिलिमीटर रजा काढून घरी बसले होते. आता जगात म्हातारीचं काहीही शिल्लक नाही. त्यामुळे कपाटात जी उभी राहील तीच म्हातारी. पुढे येणारी पोरंटोरं तिलाच खरी समजणार. मिलिमीटरचा जीव या एका गोष्टीत अडकला होता.

आणि त्या पट्ट्याची हकीकत अशी. एका दुपारी सामान ओढणाऱ्या ट्रॅक्टरने म्हातारीचं उजव्या बाजूचं, सामान चढवायचं दार चेपलं. संध्याकाळच्या फेरीची सगळी माणसं येऊन बसलेली. हँगराच्या मागे तिचीच एक जुळी बहीण इंजिनं काढलेल्या अवस्थेत पडली होती. मिलिमीटरनी तिचं दार उतरवून म्हातारीला बसवलं. दार चपखल बसलं, फक्त त्या बहिणीला पट्टा रंगवणाऱ्याने तो दोन बोटं वर रंगवला होता. दोन बोटं हे लोकांचं माप. मिलिमीटरनी मोजलं, छत्तीस मिलिमीटर. निळा पट्टा नाकापासून सरळ यायचा, दारापाशी एक पायरी चढायचा, दार संपलं की पायरी उतरून शेपटाकडे जायचा. रजिस्टरमध्ये त्यांनी लिहिलं : 'दार तात्पुरतं. रंग बाकी.' हे तात्पुरतं अकरा वर्षं चाललं. आधी रंगारी निवृत्त झाला, मग म्हातारी.

छत्तीसला बहात्तरने भागा. अर्धा.

सरळ पट्टा मारणं हे एका सकाळचं काम. तुटका पट्टा, आणि तोही नेमका अर्धा मिलिमीटर तुटका, मारायला मिलिमीटरना नऊ दिवस लागले. पहिल्या खेपेला तूट जास्त आली, रंग खरवडला. दुसऱ्यांदा कडा फुगली. तिसऱ्यांदा बायकोने फोडणी दिली आणि त्यांना नेमकी टेप ओढताना शिंक आली. पाचव्या खेपेला जमलं तेव्हा त्यांनी बायकोला भिंग देऊन बोलावलं.

"दिसली तूट?"

"दिसली."

"कशी वाटते?"

"चुकल्यासारखी वाटते," बायको म्हणाली. बिचारी खोटं बोलत नसे. मिलिमीटर खूश झाले. खरी म्हातारीही चुकल्यासारखीच दिसायची.

पण खरा अपमान दोन गुणांचा नव्हता. पहिल्या आल्या होत्या चित्रकलेच्या बाई, शाळेत शिकवणाऱ्या. त्यांनीही म्हातारीच केली होती. शेपटीवर तोच नंबर आणि पट्टा नाकापासून शेपटापर्यंत सुतासारखा सरळ. मिलिमीटर दुसरे, एका गुणाने मागे. म्हणजे म्हातारीचा नंबर लावून कुणी तिऱ्हाईतच काचेत बसणार होती, आणि खरीला घरी पाठवलं होतं, कारण ती खऱ्यासारखी दिसत होती.

"अहो, मग पट्टा सरळ करून देतो म्हणावं," बायको म्हणाली. "अर्धा मिलिमीटर. कुणाच्या बापाला कळतंय?"

"मला कळतंय."

"तुम्ही कुणाचे बाप लागता?"

मिलिमीटर हरकतीचा अर्ज लिहायला बसले.

हरकतीचा नियम होता : लेखी, आठवड्याच्या आत, सोबत छायाचित्राचा पुरावा. मिलिमीटरनी जुन्या सहकाऱ्यांना फोन केले, क्लबचे अल्बम उपसले, एका निवृत्त हवाईसुंदरीच्या घरी जाऊन तिच्या लग्नाचेही फोटो पाहिले, कारण वरात म्हातारीतून उतरली होती. चौऱ्याऐंशी फोटो मिळाले. चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी डाव्या बाजूचे!

यात नवल काही नाही. माणसं डाव्या बाजूने चढतात. जिना डावीकडे, हार डावीकडे, मंत्री डावीकडे, हात हलवणारी सून डावीकडे. उजवीकडे सामान चढतं. तिकडे हमाल असतात, इंधनवाले असतात, मेकॅनिक असतात. त्यांचे फोटो काढायला कोण जातंय? मिलिमीटर अल्बम मिटत गेले आणि दर अल्बमागणिक त्यांच्या कपाळावरची शीर जाड होत गेली. अकरा वर्षं एक अख्खी बाजू उन्हात उभी होती आणि गावात एकाही माणसाने तिच्याकडे बघितलं नव्हतं.

एका माणसाने मात्र बघितलं होतं. हमालांचा मुकादम. आता गुडघे गेले होते, तो कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानापुढे स्टूल टाकून बसायचा. मिलिमीटर त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"मुकादम, म्हातारीचं उजवं दार आठवतं?"

"आठवतं म्हणजे? त्याच्यावर तर आमचं काम चालायचं, मिस्त्री." मुकादमाने बसल्या बसल्या हात वर केला. "सामानाची गाडी वर उचलायची ना, तेव्हा तिचा फलाट दाराच्या उंबऱ्याला बरोबर लागला पाहिजे. त्या गाडीला कठडा होता. कठड्याची वरची दांडी पट्ट्याच्या तुटीला भिडली की खाली फलाट उंबऱ्याला टेकलाच. नव्या पोरांना मी तेच शिकवायचो. पायरी बघ, म्हणायचो, पायरी."

मिलिमीटरना वाटलं, या माणसाला मिठी मारावी. पण ते मेकॅनिक होते. त्यांनी विचारलं, "रविवारी अकरा वाजता मोकळे आहात?"

रविवारी हरकत ऐकायला क्लबच्या हॉलमध्ये टेबल मांडलं होतं. टेबलामागे सेक्रेटरी आणि डेंटिस्ट. डेंटिस्ट मॉडेलं करण्यात पटाईत होता, आणि दात बघायची दोन भिंगं कपाळावर चढवूनच आला होता. बाजूला चित्रकलेच्या बाई आणि पाहुणे म्हणून कॅप्टनसाहेब. कॅप्टनसाहेबांनी त्या अकरा वर्षांतली नऊ वर्षं म्हातारी उडवली होती आणि बक्षीस त्यांच्याच हस्ते होतं. मिलिमीटर, मुकादम आणि मांडीवर खोकं घेतलेली बायको समोरच्या खुर्च्यांवर.

"फोटो?" सेक्रेटरीने विचारलं.

"नाहीत. दार मी स्वतः बसवलंय."

"तुम्ही स्पर्धक. तुमचंच म्हणणं तुमचा पुरावा कसा होईल?"

हे मिलिमीटरनाही पटलं. त्यांनी मुकादमाला उभं केलं. मुकादमाने टोपी काढली आणि कठडा, दांडी, पायरी सगळं हाताने दाखवून सांगितलं. सांगताना तो इतका रंगला की शेवटी सेक्रेटरीच्या पाण्याच्या ग्लासला त्याने उंबरा केलं.

डेंटिस्ट ऐकत होता. मग म्हणाला, "छान. पण हे झालं तोंडी. तोंडी पुरावा नियमात बसत नाही."

"आपण कॅप्टनसाहेबांनाच विचारू की," सेक्रेटरी म्हणाला. "विमान त्यांचं."

विमान त्यांचं! मिलिमीटरनी खुर्चीची दांडी धरली.

"पट्टा ना?" कॅप्टनसाहेब प्रसन्न हसले. "सरळ होता. पट्टीने आखल्यासारखा. देखणं विमान होतं हो."

डेंटिस्टने मान डोलावली आणि कागदावर लिहिलं. लिहिताना बोललाही, "कॅप्टन... म्हणतात... सरळ."

"डॉक्टर," मिलिमीटर म्हणाले, "कॅप्टनसाहेब आत्ता बोलले ते कशाने बोलले?"

"म्हणजे?"

"तोंडानेच ना? की मला दिसलं नाही असं आणखी काही आहे?"

बायकोने खोकं घट्ट धरलं. नवऱ्याचा आवाज खाली गेला की प्रकरण वर जातं, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं.

"अहो, ते पायलट आहेत," डेंटिस्ट म्हणाला.

"आणि हा?"

मुकादमाने मिलिमीटरची बाही ओढली. "जाऊ द्या ना, मिस्त्री. साहेब लोक आहेत."

"काय जाऊ द्या? बसा तुम्ही." मिलिमीटर कॅप्टनसाहेबांकडे वळले. "साहेब, उडण्याआधी विमानाला एक फेरी मारायची असते. तुम्ही मारायचात?"

"म्हणजे काय! रोज."

"पूर्ण?"

कॅप्टनसाहेब तोंड उघडून थांबले. माणूस सरळ होता, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं. त्याने खरंच आठवून पाहिलं.

"उजवीकडे त्या वेळी सामान चढत असायचं," ते हळू म्हणाले. "गाडी आडवी लावलेली. मी नाकापाशी उभा राहायचो आणि ओरडून विचारायचो, मुकादम, दार? हा तिकडून म्हणायचा, लागलं साहेब. मी अंगठा दाखवायचो आणि जिना चढायचो."

"रोज?"

"रोज."

"नऊ वर्षं?"

कॅप्टनसाहेबांनी चष्मा काढला. "नऊ वर्षं."

मिलिमीटर उभे राहिले. त्यांच्या तळपायाची आग आता थेट टकलापर्यंत पोचली होती.

"म्हणजे हा माणूस म्हणाला दार लागलं, की चाळीस माणसं वर जायची. बायाबापड्या, लेकरं, लग्नाची वरात. तेव्हा कुणी म्हणालं नाही, मुकादम, फोटो दाखव. तेव्हा याचा शब्द दहा हजार फुटांवर चालला. आणि आज तो सांगतो की पट्टा तुटका होता, तर याचा शब्द तुमच्या अर्ध्या मिलिमीटरला पुरत नाही? आणि ज्यांनी ती बाजू पाहिलीच नाही त्यांचा पुरतो? हा नियम कुणी केला? त्याचे दात मोजले पाहिजेत एकदा!"

चित्रकलेच्या बाई आपल्या विमानाकडे बघत होत्या.

"माझं खोडा, डॉक्टर," कॅप्टनसाहेब म्हणाले. "मी पाहिलेलं नाही."

डेंटिस्टने खोडलं. पट्टी लावून खोडलं, तसा माणूस होता तो. मग म्हणाला, "पण तरी फोटो नाहीच. निकाल तोच राहील."

"निकाल लोणच्यासारखा मुरवत ठेवा," मिलिमीटर म्हणाले. "कपाटही ठेवा. मला फक्त त्या शेपटीवरचा नंबर काढून हवाय. विमान झकास आहे, हात गोड आहे बाईंचा. पण ती म्हातारी नाही. दुसरं कुठलंही विमान असेल, म्हातारी नाही."

"नंबर काढला तर ते नुसतंच विमान राहील," सेक्रेटरी कळवळला. "पाटीवर काय लिहू मी?"

"नुसतंच विमान आहे ते."

बाई उठल्या. "खोक्यावर फक्त डाव्या बाजूचं चित्र होतं," त्या म्हणाल्या. "उजवी बाजू मी तेच उलटं करून रंगवली. नंबर मात्र मुद्दाम छापून आणला, गावचं विमान वाटावं म्हणून." त्यांनी डेंटिस्टपुढे हात केला. "ब्लेड असेल तुमच्याकडे."

होतं. त्याच्याकडे नसतं असं काही नव्हतंच. वार्निशाखाली बसलेलं अक्षर असं सहज निघत नाही. ते खरवडावं लागतं आणि खालचा रंग जातो. बाईंनी पाचही अक्षरं खरवडली. पांढऱ्याशुभ्र शेपटीवर मळकट डाग उरला. सेक्रेटरीने डोळे मिटून घेतले होते. मिलिमीटरनी मात्र टक लावून सगळं पाहिलं, आणि शेवटचं अक्षर निघालं तेव्हा खाली मान घातली. दुसऱ्याचं चांगलं काम खराब होताना त्यांना बघवत नसे. त्याचाही राग त्यांनी डेंटिस्टच्याच खात्यावर टाकला.

घरी आल्यावरही धुमसणं चालू होतं. चहाला मुकादमाला सोबत आणलं होतं. बायको आत आधण ठेवत होती आणि मिलिमीटर बाहेर डेंटिस्टच्या सात पिढ्यांची कवळी बसवत होते. "सैल म्हणे! कपाळावर भिंगं आणि अक्कल..."

मुकादम ऐकत नव्हता. त्याने खोक्यातून म्हातारी दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवली, उजवी बाजू आपल्याकडे करून. गुडघे धरत खाली वाकला, डोळे दाराच्या पातळीला आणले. बराच वेळ तसाच राहिला.

"पायरी बरोबर आहे," तो म्हणाला.

"असणारच."

"पण उंबऱ्याखालचे ओरखडे कुठायत?"

"कसले ओरखडे?"

"आमच्या फलाटाचे. तीन होते. एक लांब, दोन आखूड. इथे, या अंगाला."

"काहीतरीच!" मिलिमीटरची मान ताठ झाली. "ओरखडे मी ठेवत नव्हतो. दर शनिवारी रंग लावून बुजवायचो मी."

"बुजवायचात की. आणि सोमवारी पहिल्या फेरीला परत पडायचे." मुकादम शांतपणे म्हणाला. "शनिवारी तिला तुम्ही बघायचात, मिस्त्री. बाकीचे दिवस आम्ही."

"शक्य नाही. एकतीस वर्षं काम केलंय मी. पुरावा काय?"

बायको चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. ती तिथेच थांबली. मुकादम मिलिमीटरकडे बघत राहिला. रागावला नाही, हसलाही नाही, फक्त त्याने आपली टोपी जरा नीट केली.

मिलिमीटरचे कान लाल झाले. आता चिडायचं होतं, आणि भरपूर चिडायचं होतं, पण कुणावर ते सापडेना. डेंटिस्ट इथे नव्हता. बायकोने काही केलं नव्हतं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, मग खुर्ची ओढली, दिवा जवळ घेतला आणि डबीतून सगळ्यात बारीक सुई काढली.

"लांब ओरखडा किती लांब?"

"असा," मुकादमाने दोन तळवे फाकवले.

"असा म्हणजे किती?"

"ते तुम्ही बघा. मी हात धरून ठेवतो."

मिलिमीटरनी मोजायची टेप काढली आणि मुकादमाच्या दोन तळव्यांमधलं अंतर मोजायला घेतलं.

"हलू नका," ते खेकसले. "आणि आखूड दोन्ही सारखे होते की एक मोठा? नीट आठवून सांगा, घाई नाही."

बायकोने ट्रे पिवळ्या रेघेच्या अलीकडे ठेवला आणि मुकादमाचा कप त्याच्या हाताला लागणार नाही इतका लांब सरकवला.